साडेतीन बोटांचं प्रकरण

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन आठवडा झाला होता आणि दवाखान्यात तापाची रांग लागली होती. पावसाच्या त्या दिवसांत गोव्यात, फोंड्याकडच्या माझ्यासारख्या गावडॉक्टरला डेंग्यू सोडून दुसरं काही सुचत नाही. त्या रांगेत काकी बसल्या होत्या. वय चौपन्न, बसस्टँडजवळ छोटी खानावळ, दुपारची शंभरेक ताटं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"दोतोर, हाताक मुयो येतात," त्या म्हणाल्या. दोन महिने झाले, उजव्या हाताला, रात्रीच्या जास्त. मी लिहीत होतो. पुढे त्या हेही म्हणाल्या की यंदा नेवऱ्यांना, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांना, मुरड घालता आली नाही, सगळ्या कातणाने कापाव्या लागल्या. "ऑर्डरी जास्त घेतल्या असतील," असं काहीतरी मी हसत म्हणालो, बी-कॉम्प्लेक्स आणि बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या तापाला आत बोलावलं. सगळं मिळून तीन मिनिटं.

निदानाला लागणारं जवळजवळ सगळं काकींनी त्या तीन मिनिटांत सांगून टाकलं होतं. मुंग्या रात्री येतात. आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत पिठाची कड धरून ती दुमडता येत नाही. मला फक्त एकच विचारायचं होतं: कुठली बोटं? ते मी विचारलं नाही.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर ज्या बाईच्या चुलीवर सोमवार आणि श्रावण सोडला तर रोज बांगडा नाहीतर तारली शिजते, तिच्यात बी-१२ कमी असण्याची शक्यता तशी थोडीच. हे जीवनसत्त्व मासे, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळतं. बांगड्यात तर ते भरपूर असतं. शुद्ध शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा मधुमेही, रोज पित्ताची गोळी घेणारा, पोटाची शस्त्रक्रिया झालेला, अशांच्या बाबतीत ते आधी मनात यायला हवं. शिवाय बी-१२ कमी पडलं की मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात. एकट्या उजव्या हाताला, तेही रात्रीच, असं ते सहसा वागत नाही. पण "मुंग्या" म्हटलं की "बी-१२" ही आम्हा डॉक्टरांची हाताला लागलेली सवय. गोळी निरुपद्रवी, रुग्ण खूश, रांग पुढे.

मधले पाच महिने

त्या पाच महिन्यांत काय झालं ते मला नंतर फाइल चाळताना कळलं.

दिवाळीच्या सुमारास एका रात्री तीन वाजता काकींचा हात बोटांपासून थेट दंडापर्यंत ठणकू लागला. मुलाला वाटलं, हार्ट अटॅक. त्याने १०८ ला फोन केला, इस्पितळात नेलं, ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. घरच्यांनी नंतर त्याची थट्टा केली म्हणे. मी केली नसती. हात दुखणं किंवा बधिर होणं याच्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर आधी हृदय तपासायचं, मग बाकीचं. तसंच, बधिरपणा अचानक, एका क्षणात आला, एकाच बाजूचा हात-पाय गळून गेला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली तर तो मेंदूचा झटका समजायचा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य तिथे चालत नाही. काकींचं दुखणं तसलं नव्हतं, पण रात्री तीन वाजता मुलाला ते कसं कळणार?

हृदय सुटलं, तेव्हा मान सापडली. शहरातल्या एका दवाखान्यात मानेचा एमआरआय झाला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली. "नस दबलीय," असं सांगण्यात आलं. गळ्याला पट्टा, दहा वेळा ट्रॅक्शन म्हणजे मान ताणणं, वेदनाशामक गोळ्या. खानावळीत पट्टा घालून उभ्या राहिलेल्या काकींना गिऱ्हाइकं विचारायची, "अपघात झाला काय?"

नस दबलीय, हे वाक्य खरं होतं. पत्ता चुकला होता.

हातात जाणारे मज्जातंतू मानेच्या मणक्यांतून मुळ्यांसारखे निघतात, गळ्याच्या बाजूला आणि काखेत एकमेकांत गुंफतात आणि मग मुख्यतः तीन वाटांनी खाली उतरतात: मीडियन, अल्नर आणि रेडियल. मान, खांदा, कोपर, मनगट, या वाटेत कुठेही दाब आला तरी मुंग्या बोटांतच येतात. पणजीला म्हापशाची बस बंद पडली की म्हापशाला उभ्या असलेल्या माणसाला बस कुठे अडकलीय ते दिसत नाही, फक्त आली नाही एवढंच कळतं. तसंच हे.

राहिली ती एमआरआयमधली चकती. २०१५ साली जपानमधून आलेल्या एका अभ्यासात मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या जवळपास ८८ टक्के लोकांच्या चकत्या बाहेर आलेल्या होत्या. चौपन्न वर्षांच्या मानेत चकती थोडी सरकलेली दिसणं म्हणजे चौपन्न वर्षांच्या डोक्यात पांढरा केस दिसण्यासारखं आहे. आपल्याकडे त्याला सगळे सरसकट स्पॉन्डिलायटिस म्हणतात आणि एकदा तो शब्द फाइलवर चढला की पुढचा कुणी हाताकडे बघत नाही.

थर्मामीटर झटकल्यासारखा

जानेवारी संपता संपता काकी पुन्हा आल्या. या वेळी मुलगा बरोबर होता आणि हातात मोठी फाइल. तक्रार वाढली होती. हातातून डाव निसटतो, पोलक्याचे हूक लागत नाहीत, बसमध्ये सुट्टे पैसे मोजताना नाणं बोटात आहे की पडलं ते बघावं लागतं. "हो हात म्हजो न्हय अशें दिसता."

फाइल मी बाजूला ठेवली. प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठेपणा म्हणून नव्हे. मला माझ्या सप्टेंबरच्या चिठ्ठीची लाज वाटत होती आणि ती त्याच फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलेली होती.

"रात्री जाग आली की काय करता?" मी विचारलं.

काकींनी उत्तर दिलं नाही. करून दाखवलं. उजवा हात खांद्यापाशी उचलला आणि जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकतात तसा मनगटातून चार-पाच वेळा झटकला. मग तो खुर्चीच्या बाजूला खाली लोंबता सोडला. "असा सोडला की पाच-दहा मिनिटांत उतरतं. मग झोपते. पहाटे परत."

मनगटाशी मीडियन मज्जातंतू दबलेली माणसं नेमकं हेच करतात, त्यांना कुणी शिकवलेलं नसताना. मानेतून येणाऱ्या मुंग्यांचा माणूस हात झटकत नाही. तो उलट हात डोक्यावर ठेवून बसतो, कारण तसं केलं की मानेतल्या मुळीवरचा ताण कमी होतो. या दोन हालचालींतला फरक बघायला पैसे पडत नाहीत.

मग मी कागदावर काकींचा हात ठेवून पेनाने त्याची कड काढली, पोरं काढतात तशी, पुढून एक आणि मागून एक. पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. "जिथे मुंग्या येतात तेवढंच रंगवा."

त्यांनी अंगठा रंगवला. तर्जनी, मधलं बोट. अनामिकेशी पेन थबकलं. डोळे मिटून डाव्या हाताच्या नखाने त्या बोटाच्या दोन्ही बाजू त्यांनी चाचपल्या आणि मग मधल्या बोटाकडची अर्धी बाजू तेवढी रंगवली. करंगळी कोरी. तळहाताचा, अंगठ्याखालचा मांसल उशीसारखा भागही कोरा.

साडेतीन बोटं. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्या आपल्या लोकांना या आकड्याचं आश्चर्य वाटू नये, पण शरीरात तो सापडतो तेव्हा मला अजून गंमत वाटते. एकाच बोटाची उभी अर्धी बाजू बधिर आणि अर्धी जागी, हे मानेच्या मुळीतून होत नाही. मानेतली सहावी मुळी दबली तर अंगठा-तर्जनी, सातवी दबली तर मधलं बोट, आठवी दबली तर करंगळीची बाजू. पण अनामिका अशी मधोमध वाटून घेतात ते खाली आलेले मीडियन आणि अल्नर. तळहाताची उशी कोरी राहिली याचंही कारण आहे. तिला जाणारी फांदी मनगटाच्या बोगद्याच्या आधीच फुटते आणि छपरावरून जाते, त्यामुळे आत कितीही दाटी झाली तरी तिला धक्का लागत नाही.

बोगदा म्हणतात तो म्हणजे कार्पल टनेल. तळहाताच्या मुळाशी लहान हाडांची एक कमान असते आणि तिच्यावर जाड चिवट पट्टा ताणलेला. त्या जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, म्हणजे स्नायूंच्या कंडरा, आणि त्यांच्यातून अंग चोरून एकटा मीडियन. बाकी सगळे टणक, हा एकटा मऊ. आत जरा सूज आली की चेपला जातो तो हाच. रात्री का? झोपेत आपण मनगटं पोटाशी दुमडून घेतो, आणि दुमडलेल्या मनगटात हा दाब कितीतरी वाढतो. दिवसभर पायांत उतरलेलं पाणीही आडवं झाल्यावर वर पसरतं.

तपासणी

आता मात्र मी वेळ घेतला. बाहेर तीन रुग्ण उठून गेले, जाऊ दे.

आधी मान. ती मागे आणि बाजूला कलवून डोक्यावर हलका दाब दिला. हातात काहीच उतरलं नाही. दंडाचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. चालून दाखवायला सांगितलं, एका पावलापुढे दुसरं टाकत. हे मुद्दाम. मानेत खुद्द मज्जारज्जूच दबत असेल तर दोन्ही हात अनाडी होतात, चाल डगमगते, लघवीवर ताबा राहत नाही, आणि ते प्रकरण महिनोनमहिने पट्टा घालून थांबायचं नसतं. काकी सरळ चालल्या.

मग कोपर. कोपराच्या मागे, आतल्या बाजूच्या हाडाच्या खोबणीत अल्नर मज्जातंतू बोटाला लागतो. तिथे काही आपटलं की करंगळीत झिणझिण्या जातात ती जागा. ती मी प्रत्येकाची चाचपतो आणि जोडीला हातापायांवर, पाठीवर, संवेदना गेलेला फिकट किंवा तांबूस चट्टा शोधतो. कुष्ठरोग इतिहासजमा झाला असं आपण समजून चालतो, पण तो आपल्या देशात अजून आहे आणि त्याला ही कोपरामागची नस फार आवडते. ती दोरीसारखी जाड लागते. वेळीच कळलं तर सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि ती गोळ्यांनी सरळ होत नाहीत. हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये, पण विचारायला लाजूही नये. काकींची नस मऊ होती, चट्टा कुठेही नव्हता.

अल्नर आणि रेडियलच्या गोष्टी वेगळ्या आणि त्या मला दरवर्षी भेटतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर घेऊन येतो तो मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने माणसं नेणारा, दिवसभर हँडलवर तळहाताची कड दाबून बसणारा. नाहीतर खिडकीवर कोपर टेकवणारा ड्रायव्हर. काजूच्या हंगामात एखादा येतो तो उराकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, तारेत खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोपलेला. सकाळी उठला तर मनगट लुळं, पंजा वर उचलता येत नाही. बायको समजते अर्धांग. तो रेडियल. दाब काढला की बहुतेकांचा काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतो.

पाय तपासले. मधुमेहाच्या मुंग्या आधी तळपायांत येतात, मोजे घातल्यासारख्या, आणि पुष्कळ नंतर हातांत. ट्युनिंग फोर्कचं कंपन काकींना दोन्ही अंगठ्यांत व्यवस्थित कळलं.

शेवटी मनगट. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकांना टेकवून मनगटं खाली दुमडून साठ सेकंद धरायची, उलटा नमस्कार. हे तपासायची रीत रूढ केली ती अमेरिकेतल्या जॉर्ज फॅलन या हाताच्या सर्जनने, म्हणून ती फॅलनची चाचणी. काकी विसाव्या सेकंदाला म्हणाल्या, "आली." नंतर मनगटाच्या मध्यावर बोटाने हलकेच टकटक केली, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मुंग्या धावल्या. ही खूण झूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरची. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या तुटलेल्या नसा पुन्हा वाढताहेत का ते बघायला त्याने १९१५ मध्ये ती वर्णन केली, मनगटाच्या बोगद्यासाठी नव्हे. त्याने वापरलेला फ्रेंच शब्द मुंग्यांवरूनच आलेला आहे. पॅरिसच्या माणसालाही नस दबल्यावर मुंग्याच आठवाव्यात आणि फोंड्याच्या काकींनाही, हे मला फार आवडतं.

अंगठा वर उचलून मी दाबला तर तो उजवीकडे सहज खाली गेला. उजव्या तळहाताची उशी डावीपेक्षा किंचित चपटी होती. ही गोष्ट मात्र आवडण्यासारखी नव्हती. मुंग्या आहेत तोवर नस कुरकुरते आहे. स्नायू सुकू लागला म्हणजे ती मरू लागली आहे.

आणि एक गोष्ट मी शोधत नव्हतो ती सापडली. घोट्याच्या मागे हातोडी मारली, पाऊल नेहमीसारखं खाली झटकलं, पण परत यायला त्याने वेळ घेतला. आळसावलेल्या माणसाने हात खाली घ्यावा तसं सावकाश. मी दुसऱ्या पायावर मारून बघितलं. तेच. मग काकींच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली फुगवटा, आवाज जाड झालेला. हा आवाज मी सप्टेंबरातही ऐकला होता. विचारल्यावर एकेक निघालं: वजन वाढलं, पोट साफ होत नाही, डिसेंबरच्या मामुली थंडीत दोन चादरी लागतात, दुपारी ताटं संपली की बसल्या जागी डोळा लागतो. "पाळी गेली ना, त्याचं असेल म्हणून कुणाला सांगितलं नाही."

टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की चढणारा रक्तातला आकडा, आला १८.४. साधारण चारपर्यंत असायला हवा. थायरॉइड मंदावलं की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे चिकट पदार्थ साचतात. चेहरा फुगतो तो त्यानेच, आणि त्याच न्यायाने मनगटाचा बोगदाही. शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई, संधिवाताचा रुग्ण, चिकनगुनिया होऊन मनगटं सुजलेला माणूस, सगळ्यांच्या बाबतीत वाट वेगवेगळी पण दाटी त्याच जागी. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बी-१२ भरपूर होतं. अर्थात, माझ्या गोळ्या खाऊन तपासलं तर ते भरपूरच दिसणार. त्या आकड्याला काही किंमत नव्हती.

मज्जातंतूंच्या वेगाची तपासणी करून घेतली, बारीक विजेचे झटके देऊन करतात ती. मनगट ओलांडताना उजव्या मीडियनचा वेग बराच मंदावलेला, डाव्याचा थोडा. अल्नर दोन्हीकडे ठीक. मानेतून बिघाड असल्याची खूण नाही. अशा वेळी मानेशी आणि मनगटाशी, दोन्ही ठिकाणी दाब असू शकतो का? असू शकतो, मानेशी थोडी चिमटलेली नस मनगटाशी लवकर कुरकुरते अशी कल्पना १९७३ पासून मांडली जाते आणि तिच्यावर वादही आहेत. काकींच्या बाबतीत त्या वादात पडायची वेळ आली नाही. गळ्याचा पट्टा मात्र मी त्याच दिवशी काढायला लावला.

आदोळी

एका सकाळी सात वाजता मी खानावळीत गेलो. चहा प्यायला, असं सांगून. खरं तर मला त्या नारळ खवताना बघायच्या होत्या.

काकी आदोळीवर बसल्या होत्या. घाटावर जिला विळी म्हणतात तिचीच ही बहीण, पुढे दातेरी फूल असलेली. नारळाची कवड दोन्ही हातांनी धरून फुलावर दाबायची आणि मनगटं फिरवायची. उजवं मनगट दाबतं आणि वळतं, डावं धरून ठेवतं. पांढरा चव खाली ताटात पडत होता आणि तपकिरी पाठ दिसू लागली की त्या कवड नेमकी थांबवत. न बघता. एका कवडीला मी शेहेचाळीस वळसे मोजले. रोजचे बारा नारळ म्हणजे चोवीस कवडी, म्हणजे हजारावर वळसे, तेही जोर लावून. हे गेली बावीस वर्षं.

म्हणून नारळामुळे हे झालं का? मुलाने मला तेच विचारलं आणि त्याला सरळ हो म्हणणं सोपं होतं. जोर लावून, मनगट वाकवून, पुन्हा पुन्हा केलेलं काम हा धोका वाढवतं हे खरं. पण बावीस वर्षं त्याच हातांनी तेच काम निमूट केलं होतं. यंदा बोगदा आतून सुजला, आणि मग रोजचं खवणं त्याला सोसेना, असं मी समजतो.

विजेवर फिरणारी खवणी घ्या म्हटलं तर काकी ऐकेनात. यंत्र पाठीपर्यंत ओरबाडतं, चव काळा पडतो, हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, रंग येत नाही. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी पात्रता नव्हती. शेवटी आदोळीवर मुलगा बसला. पहिले पंधरा दिवस त्याच्या खोबऱ्याबद्दल काकी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमची सुरू केली. ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. आमच्याकडे पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की चहा-पाव हा धर्म, त्यामुळे ठरलं असं की झोपेतून उठल्या उठल्या गोळी आणि पोदेर दारात येईपर्यंत उपास. रात्री दोन्ही मनगटांना आधारपट्ट्या, मनगट सरळ ठेवणाऱ्या. घट्ट आवळायच्या नाहीत. पुष्कळ जण आवळतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. उजव्या मनगटात सर्जनने स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. त्याने साखर काही दिवस चढते, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं होतं.

आठवड्याने काकींचा फोन आला. सलग सहा तास झोप, चार महिन्यांत पहिल्यांदा. दोन महिन्यांनी टीएसएच ३.१ वर आला, आवाज उघडला, डावा हात पूर्ण सुटला. उजवा अर्धाच. मुंग्या कमी, पण तर्जनीचं टोक अजून कागदासारखं, आणि अंगठा अजून दबत होता. मे महिन्यात रात्रीची जागही परत सुरू झाली.

इथे अजून एक इंजेक्शन देऊन बघावं का, यावर माझं आणि सर्जनचं थोडं बोलणं झालं. उशी चपटी झालेली असताना वाट बघण्यात अर्थ नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. काकींना तारीख महत्त्वाची होती. जून-जुलैचे ६१ दिवस ट्रॉलरांना बंदी असते, ताजा मासा कमी, गिऱ्हाईक कमी. जूनचा दुसरा आठवडा ठरला. हात तेवढा बधिर करून बोगद्याचं छप्पर, म्हणजे तो जाड पट्टा, कापून मोकळा केला. काकी जाग्या होत्या आणि सर्जनला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव सांगत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत झालं.

त्याच रात्री मुंग्या गेल्या. बोटाच्या टोकाची जाण मात्र लगेच आली नाही आणि येणारही नव्हती. मेलेल्या धाग्याच्या जागी नवा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा. तळहाताच्या मुळाशी दाबलं की दुखणं दीड-दोन महिने राहिलं, त्याला काकी ऑपरेशन बिघडलं म्हणू लागल्या होत्या. ते बहुतेकांना होतं आणि जातं.

त्या वर्षीच्या चवथीला दुपारी मुलगा डबा घेऊन आला. वर केळीचं पान, आत नेवऱ्या. मी उघडून एकेक काढून टेबलावर मांडल्या, बायको म्हणाली हे काय चाललंय. एकवीस होत्या. सतरांना कडेने बारीक मुरड, दोरीच्या पिळासारखी. चार कातणाने कापलेल्या.

"त्या चार शेवटच्या," मुलगा म्हणाला. "तोवर हात दमला तिचा."